तालुक्याच्या गावातून जनसंपर्काचा व्यवसाय : विकायचं काय आणि दर कसा लावायचा?

शब्दशेती_दारव्हा

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्यात राहूनच जनसंपर्काचं स्वतंत्र काम सुरू करायचं पक्कं केलंय. पत्रकारितेची पदवी आहे आणि तालुका वार्ताहराचं काम पूर्णपणे सोडलं आहे, त्यामुळे दोन्ही डगरींवर पाय नाही. चार ठिकाणी बोलणी झाली : ३० खाटांचं खासगी रुग्णालय, एक शेतकरी उत्पादक कंपनी, एक इंग्रजी शाळा आणि एक पतसंस्था. चारही ठिकाणी एकच प्रश्न येतो, "एका बातमीचे किती घेता? आणि नाही लागली तर?"

मला हे नेमकं समजून घ्यायचंय :
बातमीमागे दर लावावा की महिन्याचा? रक्कम काढायची कशी?
करारात काय लिहून घ्यायचं? नोंदणी कोणती लागते?
प्रेसनोट डेस्कला, म्हणजे बातम्या निवडून लावणाऱ्या संपादकीय विभागाला, सोयीची कशी होते?

कॅमेऱ्यासाठी कर्ज काढावं का, हेही घरात विचारलं जातंय.

---

कात्रणवही

ताई, बातमीमागे दर अजिबात लावू नका. बातमी लावायची की नाही हे संपादकीय विभाग ठरवतो, तुम्ही नाही. जी गोष्ट तुमच्या हातात नाही तिचे पैसे घेतले की महिन्याच्या शेवटी तुम्ही वार्ताहरांच्या मागे "एवढी लावाच" म्हणत फिरणार. तिथून पाकीट द्यायची वेळ फार लांब नसते. शिवाय ग्राहकही मोजणीच्या मागे लागतो. सत्कार, वाढदिवस, फळवाटप, सगळ्याची बातमी मागतो. सहा महिन्यांत डेस्कवर तुमचं नाव दिसलं की मेल न उघडता बाजूला पडतो.

विकायचं ते महिन्याचं काम. त्यात काय काय येतं हे कागदावर मांडा : महिन्याला एक बैठक, दोन पक्क्या प्रेसनोट, दोन वेळा छायाचित्रण, गुगलवरची व्यवसायाची नोंद आणि व्हॉट्सॲप चॅनल अद्ययावत ठेवणं, बाहेरून येणाऱ्या पत्रकारांच्या प्रश्नांना उत्तरं तयार करून देणं आणि एक पानाचा मासिक अहवाल.

पहिला महिना मात्र प्रसिद्धीचा नसतोच, तो माहितीसंचाचा असतो. बहुतेक जण हा टप्पा गाळतात आणि मग प्रत्येक वेळी रात्री साडेसातला संचालकांना फोन करून "स्थापना कोणत्या सालची?" विचारत बसतात. माहितीसंचात हवं : नोंदणीचं पूर्ण नाव आणि क्रमांक, स्थापनेचं वर्ष, पदाधिकाऱ्यांची नावं शुद्धलेखनासह (चौधरी की चौधरे, हे त्यांच्याकडूनच लिहून घ्या), मागच्या तीन वर्षांचे आकडे आणि ते ज्या कागदातून घेतले त्याची प्रत, इमारतीचे आणि प्रमुखांचे चांगले फोटो, आणि बोलण्याचा अधिकार कोणाला आहे त्या एकाच माणसाचा नंबर. पतसंस्थेच्या बाबतीत लेखापरीक्षण झालेला शेवटचा अहवाल हातात आल्याशिवाय एक ओळही लिहू नका.

आता रक्कम. अंदाजाने कोट (कामाचा दर) देऊ नका, तास मोजा. एका ग्राहकाला महिन्याला २४ तास लागतात असं धरा आणि तासाला ३५० रुपये लावा : ८,४००. यवतमाळच्या चार फेऱ्या, जाऊन-येऊन ८० किमी, दुचाकीचा सगळा खर्च किमीला ४ रुपये : १,२८०. छायाचित्रकार दोन वेळा, १,५०० प्रमाणे : ३,०००. फोन, इंटरनेट, छपाईचा वाटा ५००. बेरीज १३,१८०. त्यावर २० टक्के सुट्टीचे, आजारपणाचे, थकलेल्या बिलांचे. म्हणजे साधारण १५,८००. कोट १६,००० चा. यातला आकडा तुमच्या भागाप्रमाणे बदला, पण पद्धत हीच ठेवा, म्हणजे कोणी "दहात करा ना" म्हटलं की त्या पैशात कोणतं काम कमी होईल ते दाखवता येतं. एकट्या माणसाने चारच्या वर कायमचे ग्राहक घेऊ नयेत. ९६ तास त्यातच जातात, आणि रोजचे पेपर वाचणं, हिशेब, नवीन काम शोधणं हे सगळं वेगळंच.

करार दोन पानांचा पुरे. किमान तीन महिने, पैसे दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत आगाऊ, बंद करायचं तर ३० दिवस आधी लेखी. मजकुराला मंजुरी एकच माणूस देईल आणि २४ तासांत देईल, हे नावासकट लिहा. नाहीतर अध्यक्ष म्हणतात हे काढा, सचिव म्हणतात हे घाला, आणि बातमी शिळी होते. प्रसिद्धीची हमी नाही, हे वाक्य ठळक. जाहिरातीचा खर्च शुल्कात नाही, तो ग्राहक थेट वृत्तपत्राला देईल, हेही ठळक.

नोंदणीत उद्यम, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योगांची केंद्र सरकारची नोंदणी, आधी करा. आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते, शुल्क नाही. कोणी त्याचे हजार-दोन हजार मागत असेल तर तो दलाल आहे. उद्यम असलं की थकलेल्या बिलाला कायद्याचा आधार मिळतो : लेखी करार असेल तर त्यातली मुदत, पण ४५ दिवसांच्या वर नाही, आणि करार नसेल तर १५ दिवस. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. तक्रार ऑनलाइन करता येते. गावात कोणी लगेच तक्रार करत नाही हे खरं, पण बिलावर उद्यम क्रमांक आणि देय तारीख छापलेली असली की लेखापाल ते बिल खाली दाबत नाही. सोबत शॉप ॲक्टची ऑनलाइन सूचना आणि चालू खातं. सेवा व्यवसायाला जीएसटी नोंदणी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेल्यावर सक्तीची आहे, आज घाई नको.

कॅमेऱ्यासाठी कर्ज नको. चांगल्या कॅमेऱ्याचा फोन, कॉलर माइक, ट्रायपॉड, ८ जीबी रॅमचा लॅपटॉप आणि इन्व्हर्टर यावर वर्ष निघतं. लॅपटॉपसाठी अडलंच तर मुद्रा योजनेत शिशू गटात ५०,००० पर्यंत मिळतात. त्यापुढे जाऊ नका.

---

डाकआवृत्ती

प्रेसनोटबद्दल मी लिहितो, कारण निम्मी कामं तिथेच मातीत जातात.

मजकूर युनिकोडमध्ये, थेट मेलच्या अंगात पेस्ट केलेला, सोबत वर्ड फाइल. लेटरहेडवर छापून, सही-शिक्का मारून, फोटो काढून पाठवलेली प्रेसनोट डेस्कला पुन्हा टाइप करावी लागते. संध्याकाळी सातला तेवढा वेळ कोणाकडेच नसतो. पीडीएफमधला मराठी मजकूर कॉपी केला की काना-मात्रा विस्कटतात, तीही नको. आणखी एक बारीक गोष्ट : बऱ्याच ठिकाणी पान अजूनही जुन्या फॉन्टमध्ये लागतं, तिथे युनिकोड रूपांतरित करताना "शेतकऱ्यांना", "दुसऱ्या" मधला अर्धा र आणि "ॲ" हमखास तुटतो. शीर्षकात असा शब्द असेल तर पर्याय शोधा.

लांबी २०० ते २५० शब्द. पहिला परिच्छेद ४० शब्दांच्या आत, त्यात काय घडलं, कोणासाठी, कुठे, कधी. "काल", "नुकतेच" लिहू नका, तारीख आणि वार लिहा. गावाच्या नावापुढे तालुका लिहा, एकाच नावाची गावं प्रत्येक जिल्ह्यात आहेत. पाहुण्यांची नावं पाचच्या आत. खाली पडताळणीसाठी एक नंबर, आणि तो रात्री नऊपर्यंत उचलला गेला पाहिजे.

शीर्षकाचं उदाहरण देतो, आकडे नमुन्याचे आहेत. "रुग्णालयात भव्य मोफत नेत्रतपासणी शिबिर उत्साहात संपन्न" यात बातमी काहीच नाही. तेच "तपासलेल्या २१२ जणांपैकी ३८ जणांना मोतीबिंदू; शस्त्रक्रिया मंगळवारपासून" असं दिलं तर उपसंपादकाला त्यात हात घालावा लागत नाही, आणि वाचणाऱ्याला आपल्या आईला कधी न्यायचं ते कळतं. शिबिराच्या टेबलावर नोंदवही ठेवताना वय, गाव आणि निदान असे तीन रकाने आखा, म्हणजे ही बातमी आपोआप तयार होते. शिबिर संपल्यावर आकडे शोधायला गेलात तर "बरेच लोक होते" एवढंच मिळतं.

फोटो आडवा, तीन ते पाच चेहरे, काम करताना. दीपप्रज्वलनाचा फोटो सगळेच पाठवतात. व्हॉट्सॲपवर पाठवायचा तर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबून लहान होतो. तीन कॉलमच्या फोटोला साधारण १,५०० पिक्सेल रुंदी लागते, त्याखाली छपाईत चेहरे फुटतात. कोलाज नको, फोटोवर नाव-तारखेची पट्टी नको. फोटोखालच्या ओळीत "डावीकडून" म्हणून क्रमाने नावं द्या.

वेळ सगळ्यात महत्त्वाची. लांबच्या तालुक्यांची पानं आधी सुटतात, कारण गाडीला रात्रभर अंतर कापायचं असतं. कार्यक्रम सकाळी ११ ला ठेवा, मजकूर दुपारी २-३ पर्यंत पोचवा. संध्याकाळी ५ चा उद्घाटन सोहळा त्या दिवशीच्या तालुका पानासाठी बहुतेक वेळा गेलेलाच असतो. तारीख ठरवताना आजूबाजूलाही बघा. पोळा, तान्हा पोळा, दसऱ्याला दीक्षाभूमीवरचा सोहळा, मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी, शेगावचा प्रकट दिन, या दिवसांत पानं भरलेली असतात. डिसेंबरात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनामुळे जागाही नसते आणि माणसंही नसतात.

आधी तालुका प्रतिनिधी, मग जिल्हा कार्यालय. प्रतिनिधीला टाळून वर पाठवलं तर पुढच्या वेळी तो तुमचा फोन उचलणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. "लागली का?" असं विचारणारा फोन करू नका. सकाळी पेपर घेऊन बघा.

आकाशवाणीला हाच मजकूर पाठवू नका. अकोला, यवतमाळ, नागपूर, चंद्रपूर अशी केंद्रं आपल्याकडे आहेत आणि शेतकऱ्यांसाठीचे कार्यक्रम शेतात अजूनही ऐकले जातात. पण तिथे कार्यक्रमांची आखणी आधी होते, म्हणून विषय आणि बोलणाऱ्याचं नाव देऊन काही आठवडे आधी पत्र द्या.

---

शब्दशेती_दारव्हा

खूपच उपयोगाचं आहे हे, दोघांचेही मनापासून आभार. दोन अडचणी आणखी आहेत. रुग्णालयाला "मधुमेह मुळापासून बरा" ही ओळ बातमीत हवी आहे. आणि एका ठिकाणाहून स्पष्ट निरोप आलाय की आधी पुरवणीला जाहिरात द्या, मग बातमी बघू.

---

नियमानुसार

पहिल्या ओळीला ठाम नकार द्या. औषधे आणि जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ चा आहे, त्याच्या अनुसूचीत मधुमेह स्पष्टपणे आहे. तो बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात गुन्हा ठरते, आणि जाहिरात या शब्दात पत्रक, लेबल, परिपत्रक सगळं येतं. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांना २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेची मर्यादाही आहे : रुग्ण ओढण्यासाठी जाहिरात करता येत नाही. दवाखाना सुरू केला, पत्ता बदलला, प्रॅक्टिसचा प्रकार बदलला, काही काळ बाहेर होतो आणि परत आलो, शुल्क जाहीर केलं, एवढ्या गोष्टींची औपचारिक सूचना देता येते. सार्वजनिक आरोग्यावर स्वतःच्या नावाने लिहिता येतं, व्याख्यान देता येतं. तुमच्यासाठी खरं काम इथेच आहे. "फवारणी करताना विषबाधा झाली तर पहिल्या अर्ध्या तासात काय करावं" हा लेख जुलै-ऑगस्टमध्ये द्या. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, त्यामुळे या विषयाची गरज इथे कोणाला पटवावी लागत नाही. कोणताही दावा न करता डॉक्टरांचं नाव लोकांच्या लक्षात राहतं.

बाकी ग्राहकांचं थोडक्यात. शाळेच्या मुलांचे फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय नको. पुढे कोचिंग क्लासचं काम आलं तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना वाचा : यशस्वी विद्यार्थ्याची लेखी संमती निकाल लागल्यानंतर घ्यायची आणि त्याने नेमका कोणता कोर्स केला ते छापायचं. प्लॉट विकणारा आला तर महारेरा (राज्याचं स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण) क्रमांक आणि क्यूआर कोड आधी मागा. पतसंस्थेच्या मजकुरात "बँक" हा शब्द चुकूनही नको. निवडणुकीत कोणाचं पत्रक केलं तर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता त्यावर हवाच, आणि पैसे देऊन छापलेली बातमी उमेदवाराच्या खर्चात धरली जाते. माझं मत विचाराल तर पहिल्या दोन वर्षांत राजकीय काम घेऊच नका. एका गटाचा शिक्का बसला की पतसंस्थाही जाते आणि शाळाही.

जाहिरातीबद्दल. तालुका प्रतिनिधींपैकी अनेकांचं उत्पन्न जाहिरातीच्या कमिशनवर चालतं, ही वस्तुस्थिती समजून घ्या आणि त्यांचा राग करू नका. पण दोन्ही व्यवहार वेगळे ठेवा. ग्राहकाला वर्षाचं जाहिरात अंदाजपत्रक वेगळं करून द्या : वर्धापनदिन, दिवाळी, प्रवेशाचा हंगाम. जाहिरात रिलीज ऑर्डरवरच (जाहिरात छापण्याच्या लेखी आदेशावरच) जाईल, त्यात आकार, तारीख, पान आणि दर लिहिलेला. दर चौरस सेंटीमीटरचा असतो, ८ सेंमी रुंद आणि १२ सेंमी उंच म्हणजे ९६ चौ. सेंमी, तो गुणाकार ग्राहकासमोर करा. मान्यताप्राप्त एजन्सीला वृत्तपत्रं साधारण १५ टक्के कमिशन देतात. पुढे तुम्हाला असं काही मिळालं तर ते ग्राहकाला आधी सांगा. शुल्क त्याच्याकडून आणि कमिशन गुपचूप दुसरीकडून, हे तालुक्यात आठ दिवसांत बाहेर येतं.

ज्या बातमीत खरंच बातमी आहे ती जाहिरातीशिवाय लागते. एका पेपरने नाही घेतली तर दुसरा घेतो. आयव्ही ली या अमेरिकन जनसंपर्क तज्ज्ञाने १९०६ मध्ये वृत्तपत्रांना पाठवलेल्या निवेदनात हेच सांगितलं होतं : आमचा मजकूर जाहिरात विभागाकडे जायला हवा असं वाटलं, तर तो वापरू नका. तुमच्या पहिल्या मेलमध्ये हीच भूमिका तुमच्या शब्दांत लिहा.

---

संत्राबाग_वरूड

सोळा हजार दरमहा शेतकरी कंपनी देणार नाही, ताई. आमच्या भागातल्या कंपन्यांकडे वर्षभर पैसा नसतोच, हंगामात असतो. त्यांना महिन्याचं नको, हंगामाचं काम द्या. तीन महिने, एकरकमी २५ ते ३० हजार : निम्मे सुरुवातीला, निम्मे माल उचलल्यावर. कापूस, तूर, संत्रा, जे पीक असेल त्याप्रमाणे महिने धरा. संत्र्याचा आंबिया बहार निघतो ऑक्टोबर ते डिसेंबर, मृग बहार फेब्रुवारी-मार्चला.

आणि त्यांना पेपरात बातमी कमी आणि सभासदांशी बोलणं जास्त लागतं, हे आधी समजावून सांगा. कंपनी मोडते ती बहुतेक वेळा सभासदाचा विश्वास गेल्यामुळे. व्यापारी जागेवर रोख देतो, कंपनी आठ दिवसांनी देते आणि वरून हमाली, तोलाई, घट कापून देते. कपात समजावली नाही की पारावर "आपल्याच लोकांनी खाल्लं" सुरू होतं. तुमचं काम असं असू द्या : रोज सकाळी सातच्या आत व्हॉट्सॲपवर आजचा दर, त्याच संदेशात क्विंटलमागे प्रत्येक कपात वेगळी, पैसे खात्यावर पडण्याची तारीख, आणि तारीख चुकणार असेल तर चुकण्याच्या आधी तसा संदेश. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांच्यासाठी हाच मजकूर संकलन केंद्राच्या फलकावर खडूने. ग्रुप फक्त ॲडमिनने लिहिण्याचा ठेवा, प्रश्नांसाठी वेगळा नंबर द्या. खुल्या ग्रुपवर दुसऱ्याच दिवशी सुप्रभातचे फोटो येतात आणि दर वर वाहून जातो.

खरेदीदारासाठी वेगळा कागद : माल कोणता, किती टन, कोणत्या आठवड्यात, प्रतवारी, पॅकिंग, जवळचं लोडिंग ठिकाण. एक पान, मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत. दारव्ह्याच्या पेपरात आलेली बातमी नागपूर-हैदराबादचा व्यापारी वाचत नाही.

---

कात्रणवही

वरूडच्या भाऊंचं पटलं, दर ग्राहक पाहून बदलायलाच हवा. माझा हिशेब रुग्णालय आणि पतसंस्थेसाठी धरा.

अहवालाबद्दल राहिलं होतं. "एवढ्या चौरस सेंमीची बातमी आली, जाहिरात केली असती तर एवढे लाख लागले असते" असा हिशेब लावू नका. जनसंपर्काच्या मोजमापासाठी २०१० मध्ये बार्सिलोना तत्त्वं ठरली, त्यात ही पद्धत साफ नाकारली आहे. त्याऐवजी रुग्णालयाच्या केसपेपरवर "कुठून कळलं?" हा एक रकाना वाढवा, शाळेच्या प्रवेश अर्जावरही. महिनाअखेरीस त्याचे आकडे, काय पाठवलं, काय आलं, छापताना काय चुकलं आणि दुरुस्ती मागितली का, एवढं एका पानात.

आणि अडचणीच्या दिवसाची तयारी करारातच घ्या, कारण महिन्याचे पैसे ग्राहकाला खऱ्या अर्थाने त्या दिवशी पटतात. समजा पतसंस्थेबद्दल व्हॉट्सॲपवर अफवा फिरली आणि सकाळी दारात ठेवीदार जमले. पहिल्या तासात तीन वाक्यं बाहेर गेली पाहिजेत : आज पैसे काढण्याचे व्यवहार किती वाजेपर्यंत चालू आहेत, शेवटचं लेखापरीक्षण कोणत्या वर्षाचं झालं, पुढची माहिती किती वाजता मिळेल. हीच वाक्यं दारावर मोठ्या अक्षरात लावा, पत्रकारांना पाठवा, आणि काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला पाठ करून घ्या, कारण लोक अध्यक्षांना विचारत नाहीत, काउंटरवर विचारतात. सांगितलेल्या वेळेला नवीन काही नसलं तरी बोला. संध्याकाळपर्यंत देता येणार नाहीत अशी रक्कम सकाळी कबूल करू नका. रुग्णालयात मृत्यू झाला आणि नातेवाईक चिडलेले असले तर आधी डॉक्टरांनी कुटुंबाशी बसून बोलायचं, पत्रकारांशी त्यानंतर, आणि रुग्णाची माहिती बाहेर द्यायची नाही. लैंगिक अत्याचारातला पीडित अल्पवयीन असेल तर नाव, शाळा, गाव, ओळख पटेल असं काहीच नाही. पोक्सो, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यात, त्याला शिक्षा आहे.

अफवाच खरी निघाली, म्हणजे पैसे खरोखर नाहीत, तर ते काम सोडा. ठेवीदार तुमच्या ओळखीचे आहेत आणि तुम्ही त्यांच्यातच राहणार आहात.

---

शब्दशेती_दारव्हा

मग सुरुवात कोणापासून करू? चारही एकदम घेण्याची हिंमत नाही.

---

डाकआवृत्ती

रुग्णालय आणि शेतकरी कंपनी. रुग्णालयात विषय वर्षभर मिळतात, कंपनीचं काम हंगामाचं, त्यामुळे एकमेकांवर येत नाही. पण "मधुमेह मुळापासून" वर ते अडून बसले तर रुग्णालयाऐवजी शाळा घ्या, प्रवेशाआधीचे तीन महिने. पतसंस्थेला अहवाल मागितला आहे का? पंधरा दिवसांत दिला नाही तर विषय बंद करा.

माहितीसंच झाल्यावर पहिली प्रेसनोट नावं काढून इथेच टाका, संध्याकाळी सातच्या आधी. शीर्षक आणि पहिला परिच्छेद मी बघून देतो.